बाटलीला वास आला नव्हता

मार्च संपत आला की अहेरी-आलापल्ली रस्त्यावर सकाळी सकाळी टोपल्या घेऊन मोहफुलं वेचणारी माणसं दिसतात. अंगणाअंगणात फुलं वाळत पडलेली असतात. त्यातली काही पुढे मडक्यात भिजत पडली की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. (जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे मी हे कुठे पाहिलं तेही सांगणार नाही.) पण एक मान्य कराल. मडक्याचं झाकण काढलं की आत काय चाललंय ते वासच सांगतो. फुलातली साखर यीस्ट खातं, तिचं अल्कोहोल करतं, वर गॅस सोडतं. किती दिवस झाले असतील, हे जाणत्या माणसाला नाकावरूनच कळतं.

असाच एक वास, खरं तर न आलेला वास, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाच्या बाजूने पुरावा म्हणून उभा राहिला. त्या माणसाचं नाव तुम्ही नक्की ऐकलंय. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एक ओळ असते: हाफकिन संस्था, मुंबई. मीही ती तशीच पाठ केली होती. हाफकिन म्हणजे कुणीतरी इंग्रज साहेब असणार, असं मी पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत धरून चाललो होतो.

वाल्देमार हाफकिन इंग्रज नव्हतेच. 1860 मध्ये रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विद्यापीठात असताना झारच्या सत्तेविरुद्धच्या क्रांतिकारकांशी संबंध, मग पोलिसांची नजर, अटक. तुमच्याच वयात हे सगळं. हुशारी असूनही विद्यापीठात पुढे जायचं तर धर्म बदला, असा मामला होता. त्यांनी बदलला नाही. मग देश सोडून आधी जिनिव्हा आणि 1889 मध्ये पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. तिथे काम मिळालं, पण कसलं? ग्रंथालयात सहायकाचं. पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे.

त्यांचे ओडेसाचे गुरू इल्या मेचनिकॉव्ह तेव्हा पॅरिसलाच होते. हे गृहस्थ भारी होते. 1892 च्या सुमारास त्यांनी कॉलऱ्याचे जंतू चक्क स्वतः पिऊन पाहिले. काही झालं नाही! दुसऱ्या एकाने प्यायले, तर तो मरता मरता वाचला. जंतू तोच, मग फरक कुठे पडला? मेचनिकॉव्ह यांना संशय आला, की आपल्या आतड्यात आधीपासून राहणारे जंतूच ठरवत असतील नव्या पाहुण्याला जागा द्यायची की नाही. पुढे ते दही आणि आंबलेल्या दुधाचे मोठे पुरस्कर्ते झाले. दुधातली साखर खाऊन जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात सडवणाऱ्या जंतूंचं फावत नाही, असं त्यांचं म्हणणं. दह्याने माणूस शंभरी गाठतो वगैरे त्यांनी जरा ताणलंच, पण मूळ धागा आजही धरून आहे. भाजी, डाळ, भरड धान्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि त्यातून काही आम्लं बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्या आम्लांवर जगतात आणि ते जाळताना ऑक्सिजन वापरून टाकतात. त्यामुळे आत ऑक्सिजन फारसा उरत नाही आणि ज्यांना तो लागतो अशा उपद्रवी जंतूंची गोची होते. सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेता ना, तेव्हा ही आतली सगळी घडी विस्कटू शकते.

म्हणजे जंतू काय खातो, कुठल्या हवेत श्वास घेतो, काय बाहेर टाकतो, यावर त्याचं उपद्रवमूल्य ठरतं. हाफकिन यांनी हेच हत्यार केलं. कॉलऱ्याचा जंतू त्यांनी 39 अंशांवर, सतत हवा खेळती ठेवून वाढवला, तर तो दुबळा झाला. आधी दुबळ्या जंतूंची सुई, मग काही दिवसांनी जहाल जंतूंची. 18 जुलै 1892 रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचली. पुढच्याच वर्षी ते कोलकात्यात उतरले आणि बंगालच्या वस्त्यांपासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत लस टोचत फिरले.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एक रोग ओळखला. प्लेग. पुढचं तुम्ही शाळेत शिकलाय: पुण्यात घराघरात घुसलेले सोल्जर, रँडचा खून, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता मार्च 1897 मध्ये गेलेल्या सावित्रीबाई. पण त्याच दिवसांत मुंबईत काय चाललं होतं, ते पुस्तकात सहसा येत नाही. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाला एक व्हरांडा आणि दिमतीला एक कारकून नि तीन शिपाई. बस्स.

या व्हरांड्यात त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. प्लेगच्या जंतूला त्यांनी मांसाच्या सूपमध्ये वाढवायला ठेवलं. मांस बकऱ्याचं, कारण गाय किंवा डुक्कर असतं तर लस कुणी टोचूनच घेतली नसती. (समोर कोण आहे हे त्यांना इंग्रज अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं.) आणि सूपवर सोडलं आपलं साधं तूप, कधी खोबरेल तेल. तुपाचे थेंब वर तरंगतात, जंतू त्यांना धरून खाली वाढत जातात, गुहेच्या छतातून लोंबणाऱ्या सुळक्यांसारखे. भांडं हलवलं की सुळके तुटून तळाशी जातात आणि वर नवे येतात. असं काही आठवडे चाललं की भांडं जंतूंनी गच्च भरतं. मग ते तापवून मारायचे, कार्बोलिक अ‍ॅसिड घालायचं, लस तयार. तीन महिन्यांत! 10 जानेवारी 1897 रोजी नेहमीपेक्षा मोठा डोस त्यांनी स्वतःच्या अंगात घेतला. ताप आला, दुखलं, ते उठून कामाला लागले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि तिचा उपयोग दिसला. आगाखानांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं, राहायला-कामाला बंगला दिला. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. ती आजही तिथेच आहे.

मग आलं मुलकोवाल.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं हे गाव, आता पाकिस्तानात आहे. त्या दिवशी 107 जणांना लस टोचली. आठवडा गेला आणि त्यातल्या 19 जणांचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात. एकही वाचला नाही. ते 19 जण एकाच बाटलीतून टोचलेले होते, बाटली क्रमांक 53-एन. ती भरली होती परळला.

चौकशी बसली. पंजाबला लस भराभर हवी होती म्हणून परळला पद्धत बदलली होती, कार्बोलिक अ‍ॅसिड वगळून फक्त तापवण्यावर भर दिला होता, हे निघालं. समितीने ठरवलं की घाण बाटलीत आधीच, परळलाच शिरली. हाफकिन निलंबित. 1904 मध्ये ते लंडनला गेले. जगातला मोठा जंतुशास्त्रज्ञ, आणि कपाळावर 19 मृत्यू.

आता मोहाचं मडकं आठवा. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो आणि त्याला ऑक्सिजन नको असतो. बंद बाटलीतल्या पौष्टिक सूपात तो आधीपासून असता, तर काही आठवड्यांत मजेत वाढला असता. विष साचलं असतं, गॅस झाला असता आणि बूच उघडल्याबरोबर घाणेरडा वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरला कसलाही वास आला नव्हता. शिवाय तयार विष अंगात गेलं असतं तर लक्षणं लवकर दिसली असती. इथे आठवडा लागला, म्हणजे जंतू अंगात जाऊन मग वाढला. आणि कागदपत्रांत एक बारीकशी नोंदही होती: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो आगीतून न काढता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून परत वापरला. धनुर्वाताचे बीजाणू एवढ्याने मरत नाहीत.

हे सगळं चौकशीच्याच कागदांत पडून होतं. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी ते उकरलं, आणखी नऊ शास्त्रज्ञांना घेऊन 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापलं. त्याच वर्षी सरकारला हाफकिन यांच्यावरचा ठपका काढावा लागला. पाच वर्षं गेली होती.

ते भारतात परत आले, पण परळला नाही. कोलकात्याच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली, माणसांवर लस तपासायची परवानगी मात्र नाही. काही वर्षांत निवृत्त होऊन ते युरोपला गेले. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. तोवर मुंबईतून प्लेगच्या लसीचे अडीच कोटींहून जास्त डोस बाहेर गेले होते. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी ते वारले. लग्न केलं नव्हतं. साठवलेले पैसे ज्यू मुलांच्या धार्मिक शाळांसाठी ठेवून गेले.