बेगम रोकेया आणि स्त्रियांचे स्वप्नराज्य

वाचकहो, विज्ञानकथा म्हटली की आपल्यासमोर काय उभे राहते? उडती याने, अजब यंत्रे आणि ती चालविणारा कुणी गोरा शास्त्रज्ञ. बाई असलीच तर ती कुणीतरी सोडवून आणण्यापुरती. ह्या साहित्यप्रकारात स्त्रियांना आणि गोऱ्या नसलेल्यांना जागा किती, ह्यावर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. पण १९०५ साली, पडद्यात राहणाऱ्या एका मुसलमान बाईने हा सारा डाव उलटून टाकला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्या बाई म्हणजे बेगम रोकेया सखावत हुसेन. जन्म १८८० सालचा, आजच्या बांगलादेशातील रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावी. वडील जमीनदार. मुलग्यांना कलकत्त्यास शिकावयास धाडणारे हे घर मुलींच्या बाबतीत मात्र फार कडक होते. पाचव्या वर्षापासून रोकेयांना परक्या बायकांपुढे येण्याचीही मनाई होती. पाहुण्या आल्या की ह्या पोरीने कुठेतरी दडून बसायचे! बंगाली आणि इंग्रजी ह्या भाषा मुलींनी शिकू नयेत असा दंडक. थोरले बंधू इब्राहिम साबेर घर झोपी गेल्यावर दिव्याच्या उजेडात बहिणीला इंग्रजी शिकवीत. थोरली बहीण करीमुन्निसा हिने बंगालीची गोडी लावली. ह्या दोघांचे ऋण रोकेया कधी विसरल्या नाहीत.

लग्न झाले ते भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन ह्यांच्याशी. ते बिजवर आणि वयाने बरेच मोठे. परंतु विलायतेत शिकलेले व उदार मनाचे होते. पत्नीने इंग्रजी लिहावे म्हणून ते आग्रह धरीत. दोन मुली झाल्या, त्या तान्हेपणीच गेल्या.

एकदा पती फिरतीवर असताना वेळ घालविण्यासाठी रोकेयांनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. पती परतल्यावर त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचून संपविली आणि हा तर पुरुषांवर उगवलेला भयंकर सूड आहे, असा शेरा मारला. हीच ती ‘सुलतानाज ड्रीम’. मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती १९०५ साली छापून आली, १९०८ साली पुस्तकरूपाने निघाली. अमेरिकेतील शार्लट पर्किन्स गिलमन ह्यांची स्त्रीराज्याची सुप्रसिद्ध कादंबरी ‘हरलँड’ त्यानंतर दहा वर्षांनी आली.

गोष्ट अशी. आरामखुर्चीत डुलकी लागलेली सुलताना स्वप्नात ‘लेडीलँड’ नावाच्या देशी जाते. तेथे रस्त्यावर सगळ्या बायकाच. पुरुष मर्दान्यात बंद, स्वयंपाक आणि मुले सांभाळीत! सुलताना लाजते, बिचकते, तेव्हा तेथील बायका तिला पुरुषी म्हणून हसतात. कारण त्या देशात भित्रेपणा हा पुरुषांचा गुण. हे झाले कसे? राणीने हुकूम काढून सर्व मुलींना शिक्षण दिले, एकवीस वर्षांच्या आत लग्नास बंदी केली. स्त्रियांची दोन विद्यापीठे निघाली. एकीने ढगांतून पाणी ओढून घेण्याची युक्ती शोधली, दुसरीने सूर्याची उष्णता साठविण्याची. पुरुष तेव्हा सैन्य वाढविण्यात गुंतलेले होते, त्यांनी चेष्टा केली. पुढे लढाई झाली, पुरुष हरले. मग दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रमुख बाईंनी पुरुषांनी आधी घरात जावे अशी अट घातली, आपल्या दोन हजार विद्यार्थिनी रणांगणावर नेल्या आणि साठविलेली सूर्याची आग शत्रूवर सोडली. पुरुष जे आत गेले ते आतच राहिले.

कोंडणारे बदलले एवढेच ना, अशी शंका आपण घ्याल. खरे आहे. पण ही गोष्ट आरशासारखी वाचावी. पुरुषाला कोंडलेले पाहून जे हसू येते, ते बाईला कोंडलेले पाहून का येत नाही, एवढेच तिला विचारायचे आहे. शिवाय १९२४ साली ‘पद्मराग’ ह्या बंगाली कादंबरीत रोकेयांनी ‘तारिणी भवन’ उभे केले. तेथे हिंदू, मुसलमान, ब्राह्मो, ख्रिस्ती, अगदी एक इंग्रज बाईसुद्धा एकत्र राहून शाळा आणि रुग्णसेवा चालवितात. तेथे कुणाला कोंडलेले नाही.

स्वप्नात राणीच्या एका हुकुमाने झाले, ते जागेपणी किती जड गेले पाहा. सखावत साहेब १९०९ साली वारले. त्यांनी मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये राखून ठेवले होते. भागलपुरास पाच मुलींवर शाळा निघाली. पण सावत्र मुलीच्या मंडळींशी मिळकतीवरून बेबनाव झाला आणि रोकेयांना गाव सोडावे लागले. १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यास वलीउल्ला लेनमध्ये आठ मुली घेऊन त्यांनी ‘सखावत मेमोरियल’ शाळा पुन्हा मांडली. स्वतः बुरखा घेऊन त्या घरोघर फिरत, पालकांची मनधरणी करीत. मुलींना आणण्यासाठी मोटार घेतली, तीही पडद्याची. पहिली गाडी इतकी बंदिस्त होती की आतल्या काळोखात आणि कोंडमाऱ्यात मुली भोवळ येऊन पडू लागल्या, ओकू लागल्या. म्हणून झडपा उघडून कापडी पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात आणि मुली दिसतात अशी तक्रारपत्रे आली! झडपा लावाव्या तर मुलींचा जीव जातो, उघडाव्या तर शाळा जाते. हा किस्सा त्यांनीच ‘अवरोधवासिनी’ ह्या १९३१ च्या पुस्तकात सांगितला आहे. हवेतून उडणाऱ्या गाड्या कल्पिणाऱ्या लेखिकेला एका मोटारीच्या पडद्याने असे जेरीस आणले.

पर्द्याच्या अतिरेकावर त्यांनी कठोर लिहिले, टीका सोसली. पण शाळेसाठी स्वतःचा बुरखा टाकला नाही. १९१६ साली त्यांनी ‘अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम’ काढून गरीब बायकांना मदत पोहोचविली. ९ डिसेंबर १९३२ रोजी पहाटे त्या अल्लाला प्यारी झाल्या. आदल्या रात्रीपर्यंत त्या लिहीत होत्या. स्त्रियांच्या हक्कांवरील लेख मेजावर अपुरा राहिला. ‘सुलतानाज ड्रीम’ला २०२४ साली युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’च्या आशिया-पॅसिफिक नोंदीत स्थान मिळाले. आणि आठ मुलींची ती शाळा आज सरकारी शाळा म्हणून कलकत्त्याच्या लॉर्ड सिन्हा रोडवर भरते.