सत्यनिष्ठ कर्नल पिकार

फ्रान्स आणि जर्मनी या दोन राष्ट्रांच्या सीमेवर आल्सेस नावाचा प्रांत आहे. तेथील स्ट्रासबर्ग शहरी ६ सप्टेंबर १८५४ रोजी झॉर्झ पिकार याचा जन्म झाला. तो किशोरवयात असतानाच या दोन राष्ट्रांत युद्ध जुंपले. फ्रान्सचा पराभव होऊन १८७१ साली आल्सेस जर्मनीच्या ताब्यात गेला. जन्मभूमीला पारखा झालेला पिकार पुढे फ्रान्सच्या सैन्यात दाखल झाला. अल्जीरिया व टाँकिन येथे त्याने सेवा केली आणि नंतर पॅरिस येथील उच्च लष्करी विद्यालयात तो शिकवू लागला. त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्या अधिकाऱ्यांत आल्फ्रेड ड्रेफस हा एक होता.

१८९४ साली पॅरिसमधील जर्मन वकिलातीच्या कचऱ्याच्या टोपलीतून एक फाडलेले पत्र फ्रेंच हेरखात्याच्या हाती आले. फ्रान्सची लष्करी गुपिते कोणी अधिकारी जर्मनांना विकत आहे, हे त्यावरून उघड झाले. पत्रावर सही नव्हती. थोड्याशा अक्षरसाम्यावरून कॅप्टन ड्रेफस याच्यावर संशय घेण्यात आला. ड्रेफस ज्यू होता आणि त्या काळी फ्रान्समध्ये ज्यू लोकांविषयी मोठा द्वेष होता. लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. न्यायाधीशांपुढे एक गुप्त फाईल ठेवण्यात आली होती; ती आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला दाखविलीही नव्हती. जानेवारी १८९५ मध्ये भर पटांगणात त्याच्या गणवेशावरील पदचिन्हे उतरविण्यात आली, त्याची तलवार मोडण्यात आली आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील डेव्हिल्स बेटावर त्याला जन्मभरासाठी धाडण्यात आले. पिकार त्या खटल्याला हजर होता. ज्यूंविषयीच्या पूर्वग्रहापासून तोही मुक्त नव्हता. निकाल योग्यच आहे, असे त्याला त्या वेळी वाटले.

जुलै १८९५ मध्ये पिकारची नेमणूक लष्करी हेरखात्याच्या प्रमुखपदी झाली. मार्च १८९६ मध्ये त्याच वकिलातीतून निळ्या कागदाच्या एका पत्राचे बारीक तुकडे त्याच्या कचेरीत आले. ते जुळविल्यावर त्यावर मेजर एस्तेरहाझी नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याचा पत्ता दिसला. पिकारने सावधपणे चौकशी सुरू केली. हा अधिकारी उधळ्या व कर्जबाजारी असल्याचे त्याला आढळले. ऑगस्टमध्ये एस्तेरहाझीच्या हातची पत्रे मिळताच त्याने ती १८९४ च्या त्या पत्राशेजारी ठेवली. दोन्ही अक्षरे एकाच हाताची होती! मग त्याने ती गुप्त फाईल उघडली. तिच्यात ड्रेफसविरुद्ध ठोस असा एकही पुरावा नव्हता. एक निरपराध मनुष्य दूरच्या बेटावर एकान्तवास भोगीत होता आणि खरा अपराधी पॅरिसमध्ये उजळ माथ्याने हिंडत होता.

पिकारने हे सर्व वरिष्ठ सेनापतींच्या कानी घातले. एकदा दिलेला निकाल फिरविला तर सैन्याची अब्रू जाईल, अशी त्यांना भीती वाटत होती. ड्रेफसचे प्रकरण उकरून काढू नये, असे त्याला सुचविण्यात आले. गप्प राहिला असता, तर त्याला बढत्या मिळाल्या असत्या आणि मानही मिळाला असता. ड्रेफस त्याचा आप्त नव्हता की मित्र नव्हता. तरीही हे गुपित उराशी बाळगून मरण्याची आपली तयारी नाही, असे त्याने वरिष्ठांना स्पष्ट सांगितले. सैन्याची खरी अब्रू सत्य झाकण्यात नाही, हे त्याने ओळखले होते.

याचे फळ त्याला लवकरच मिळाले. त्याला पॅरिसमधून हलविण्यात आले आणि पुढे आफ्रिकेतील ट्युनिशियात पाठविण्यात आले. इकडे त्याच्याच कचेरीतील मेजर आन्री याने ड्रेफसचा अपराध सिद्ध व्हावा म्हणून एक खोटे पत्र तयार केले. १८९७ साली पिकारने आपल्या वकील मित्राला सारी हकिकत सांगितली, तेव्हा हे प्रकरण हळूहळू बाहेर फुटले. जानेवारी १८९८ मध्ये एस्तेरहाझीवर खटला चालला, पण न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. लगेच प्रसिद्ध लेखक एमिल झोला याने वृत्तपत्रातून सेनापतींवर उघड आरोप केले. सारा फ्रान्स दोन तटांत विभागला गेला. पिकारला सैन्यातून काढून टाकण्यात आले, आणि ड्रेफसविरुद्धचे पुरावे खोटे आहेत असे त्याने प्रधानमंत्र्यांना कळविताच जुलैमध्ये त्याला तुरुंगात टाकण्यात आले. खऱ्याचा शोध लावणारा अधिकारी गजांआड गेला!

पण खोटे फार काळ टिकले नाही. ऑगस्ट १८९८ मध्ये आन्रीने तयार केलेल्या पत्राची तपासणी झाली. निरनिराळ्या कागदांचे तुकडे जोडून ते केले होते, हे त्यावरील रेघांच्या रंगांतील फरकावरून दिसून आले. आन्रीने अपराध कबूल केला आणि दुसऱ्याच दिवशी कोठडीत आत्महत्या केली. एस्तेरहाझी इंग्लंडला पळून गेला. सुमारे अकरा महिन्यांच्या कारावासानंतर जून १८९९ मध्ये पिकारची सुटका झाली. त्याच वर्षी ड्रेफसचा खटला पुन्हा चालला. लष्करी न्यायालयाने त्याला पुन्हा दोषी ठरविले, परंतु राष्ट्राध्यक्षांनी माफी देऊन त्याला मुक्त केले. शेवटी १२ जुलै १९०६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेफस संपूर्ण निर्दोष असल्याचे जाहीर केले.

पिकारला सन्मानाने सैन्यात परत घेऊन जनरल करण्यात आले. त्याच वर्षी प्रधानमंत्री क्लेमांसो यांनी त्याची युद्धमंत्री म्हणून निवड केली. हे पद त्याने १९०९ पर्यंत सांभाळले. कारावासात गेलेली वर्षे सेवेत धरावीत, अशी ड्रेफसची मागणी होती. मंत्री असताना पिकारने ती मान्य केली नाही. दोघांत स्नेह असा कधी जुळलाच नाही. पुढे सेनापती म्हणून काम करीत असताना घोड्यावरून पडून १९ जानेवारी १९१४ रोजी आमिएँ येथे पिकारचा अन्त झाला.

आपल्या माणसासाठी झटणारे पुष्कळ असतात. जो आपला नव्हता, ज्याच्याविषयी मनात आपुलकीही नव्हती, त्याच्यावरील अन्याय दूर व्हावा म्हणून पिकारने आपले पद, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य पणाला लावले. न्यायबुद्धी मनाच्या आवडीनिवडीहून मोठी असते, हे त्याच्या चरित्रावरून दिसून येते.