मुलांना जिंकणारे साने गुरुजी



वर्गात कुणाला रंगावरून, कुणाला उंचीवरून, तर कुणाला डब्यातल्या भाजीवरून चिडवले जाते. आपल्या सौंसरमध्ये त्यात बोलीची भर पडते. घरी मराठी, बाजारात हिंदी ही आपली रीत. मग कुणाची हिंदी मराठी वळणाची म्हणून हसे होते, तर कुणाची मराठी हिंदीमिश्रित म्हणून. हसणाऱ्यांना ती गंमत वाटते. पण ज्याला हसतात तो शाळेत यायला कचरू लागतो. म्हणून या अंकात आम्ही साने गुरुजींची ओळख करून देत आहोत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घरची स्थिती खालावलेली होती. दापोली, औंध, पुणे अशा ठिकाणी हालअपेष्टा सोसत त्यांनी शिक्षण घेतले. गरीब मुलाला चारचौघांत कसे वाटते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९२४ मध्ये ते खानदेशातील अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली मुले, घरापासून दूर, कुणी हूड तर कुणी अबोल. खोल्यांत पसारा असे. गुरुजींनी छडी हाती घेतली नाही, लांबलचक उपदेशही केला नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडत, कपड्यांच्या घड्या घालत, कंदिलांच्या काचा पुसत. कुणी आजारी पडले तर उशाशी बसून शुश्रूषा करीत. हे पाहून मुलांनाच संकोच वाटू लागला आणि ती आपली कामे आपण करू लागली.

वसतिगृहासाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. थोरांच्या गोष्टी, चांगले विचार, वसतिगृहातील घडामोडी असे त्यात असे. संस्कार वर्षातून एकदा भाषण करून होत नाहीत, ते रोज थोडे थोडे घडवावे लागतात, हे गुरुजींनी ओळखले होते.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. मोठा अन्यायही त्यांना सोसवत नसे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केले आणि मंदिराची दारे उघडली. अखेरच्या काळात त्यांनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले : भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांना जवळ करावे. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आंतरभारती तर घरचीच वाटावी. ज्या मुलाला दोन्ही भाषा थोड्या थोड्या येतात, तो हसण्याचा विषय नाही. तो दोन घरांमधला दुवा आहे.

पालकहो, मुलांचे आहे, चालायचेच, असे म्हणून चिडवणे सोडून देऊ नका. आपले मूल चिडवले जाते का, हे आपण विचारतो. ते कुणाला चिडवते का, हेही विचारूया. घरात आपण नोकरमाणसांशी, शेजाऱ्यांशी कसे बोलतो, ते मुले टिपत असतात. विश्वस्त मंडळींनीही परीक्षेतील गुणांसोबत वर्गातील वागणुकीची चौकशी करावी, अशी आमची विनंती आहे. शिक्षकांनी रोज पाच मिनिटे काढून फळ्याच्या कोपऱ्यात एका चांगल्या कृतीची नोंद केली, तर तेच आपले ‘छात्रालय’ होईल.

आणि बालमित्रांनो, तुम्ही एवढेच करा. सगळे हसत असताना तुम्ही हसू नका. मधल्या सुट्टीत एकट्या बसलेल्या मुलाजवळ आपला डबा घेऊन जा. गुरुजींना वाहिलेली हीच खरी आदरांजली ठरेल.