गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (९ मे १८६६, कोतळूक, जिल्हा रत्नागिरी – १९ फेब्रुवारी १९१५, पुणे) हे भारतीय राष्ट्रीय चळवळीतील नेमस्त पक्षाचे अग्रणी नेते, शिक्षक, अर्थविषयाचे अभ्यासक आणि भारत सेवक समाजाचे संस्थापक होते. १९०५ साली बनारस येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. महात्मा गांधींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले. सरकारी जमाखर्च हा लोकांचा विषय आहे आणि त्याचा हिशेब लोकांना समजेल अशा रीतीने मांडला गेला पाहिजे, हा आग्रह त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सुमारे तेरा वर्षे सातत्याने धरला. गोखल्यांच्या चरित्रातील या बाजूकडे टिळक-गोखले वादाच्या गदारोळात पुष्कळदा दुर्लक्ष होते.

बालपण आणि शिक्षण

गोखल्यांचे वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली त्यांचे निधन झाले आणि कुटुंबाचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर पडला. गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते गोपाळरावांना शिक्षणासाठी दरमहा पाठवीत. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन महाविद्यालय आणि मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय अशा तीन ठिकाणी शिकून ते १८८४ मध्ये पदवीधर झाले. पैशापैशाचा हिशेब ठेवण्याची सवय त्यांना घरातील ओढगस्तीनेच लावली असावी.

शिक्षक आणि संपादक

१८८५ मध्ये गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. आजीव सदस्याचे वेतन दरमहा ७५ रुपये होते. इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे विषय त्यांनी शिकविले. अंकगणितावरील त्यांचे शालेय पाठ्यपुस्तक तर दीर्घकाळ अनेक शाळांत चालले. आगरकरांच्या ‘सुधारक’ या पत्राची इंग्रजी बाजू त्यांनी काही वर्षे सांभाळली. १९०२ मध्ये ते महाविद्यालयातून निवृत्त झाले.

रानड्यांच्या हाताखाली

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालेला परिचय हा गोखल्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग ठरला. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन आणि पुढे सभेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. सरकारी अहवाल, विलायतेच्या पार्लमेंटपुढे ठेवली जाणारी नीलपुस्तके, आयात-निर्यातीची व सारावसुलीची कोष्टके यांचा ढीग रानडे त्यांच्यापुढे ठेवीत आणि त्यांतून एखाद्या प्रश्नावरचा अर्ज तयार करून घेत. एखादा आकडा चुकला किंवा विधान आधाराशिवाय राहिले, तर सारा मजकूर पुन्हा लिहावा लागे. इतके कष्ट करूनही सरकार या अर्जांना दोन ओळींचे उत्तर देते, अशी तक्रार तरुण गोखल्यांनी एकदा केली. त्यावर रानड्यांनी समजावले की हे अर्ज नावापुरते सरकारला असतात. खरे पाहता ते लोकांसाठी लिहिलेले असतात, त्यांना विचार करता यावा म्हणून.

या शिक्षणात आणखी एका व्यक्तीचा वाटा मोठा आहे. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतील मुख्याध्यापक. नोकरीमुळे त्यांना उघडपणे राजकारणात पडता येत नसे. परंतु हिंदुस्थानच्या आर्थिक आकडेवारीवर त्यांचा अधिकार असामान्य होता. अंदाजपत्रकावरील भाषणाच्या तयारीसाठी गोखले वर्षानुवर्षे त्यांच्याकडून टिपणे मागवीत. ज्या भाषणांनी गोखल्यांची कीर्ती झाली, त्यांच्यामागे सोलापूर-साताऱ्याकडील एका शाळामास्तराची रात्रीची मेहनत होती, हे विसरता येत नाही.

१८९५च्या सुमारास सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली आणि रानड्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापन केली; गोखले तिचे चिटणीस झाले. त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात टिळकांच्या सभेने सरकारचीच दुष्काळविषयक नियमावली गावोगाव शेतकऱ्यांना समजावून सांगितली आणि साऱ्याच्या सुटीची मागणी त्या नियमांवर उभी केली. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. दोन्ही पक्षांचे मार्ग भिन्न असले, तरी सरकारी कागदातील मजकूर रयतेपर्यंत नेण्याचे महत्त्व दोघांनीही ओळखले होते.

वेल्बी आयोगापुढील साक्ष

हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी १८९५ मध्ये नेमलेल्या राजकीय आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड वेल्बी होते व दादाभाई नौरोजी त्याचे एक सदस्य होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्यासह गोखल्यांनी १८९७ मध्ये लंडनला जाऊन साक्ष दिली. वय अवघे एकतीस. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की, हिंदुस्थानात खर्च ठरविणारे, तो करणारे आणि त्याची तपासणी करणारे अधिकारी एकाच यंत्रणेतले आहेत. जो कर भरतो त्याच्या बाजूने प्रश्न विचारणारा कोणीच नाही. म्हणून अंदाजपत्रक कलमवार मंजुरीसाठी कायदेमंडळापुढे यावे आणि तेथे लोकांच्या प्रतिनिधींना मतदानाचा हक्क असावा, असे त्यांनी मांडले. उलटतपासणीत ते डगमगले नाहीत.

माफीचे प्रकरण

या यशावर लगेच सावट आले. गोखले विलायतेत असताना पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. घरझडतीसाठी नेमलेल्या गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे मजकूर पुण्याहून आलेल्या पत्रांतून त्यांना कळले आणि त्यांनी ते इंग्लंडातील वृत्तपत्रांतून जाहीर केले. दरम्यान २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या व वातावरण कमालीचे तापले होते. गोखले परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रलेखकांपैकी कोणीही उघडपणे पुढे येण्यास तयार नव्हते. त्यांची नावे सांगितली तर ते संकटात सापडणार आणि न सांगावी तर आपण खोटे ठरणार, अशा पेचात गोखल्यांनी नावे उघड केली नाहीत आणि ऑगस्ट १८९७ मध्ये बिनशर्त जाहीर माफी मागितली.

या माफीबद्दल त्यांची स्वदेशात फार हेटाळणी झाली व तो डाग कित्येक वर्षे पुसला गेला नाही. सिद्ध करता न येणारे विधान मागे घेणे हा सचोटीचा भाग होता, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. सैनिकांच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी व्हावी हा आग्रह त्यांनी सोडावयास नको होता, असेही म्हणता येते. या प्रकरणानंतर मात्र छापील सरकारी कागदाचा आधार नसलेला आकडा किंवा आरोप त्यांच्या भाषणात सहसा आढळत नाही.

अंदाजपत्रकावरील भाषणे

१८९९ च्या अखेरीस गोखले मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ च्या जमीनमहसूल दुरुस्ती विधेयकाच्या वेळी फिरोजशहा मेहतांबरोबर त्यांनी सभात्याग केला. त्याच वर्षी ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. तेथील अधिकार तुटपुंजे होते. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई, पण उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. सरकारी सभासदांचे बहुमत कायमचे. अशा सभागृहात २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी आपले पहिले अंदाजपत्रकीय भाषण केले.

दोन भीषण दुष्काळ होऊन गेलेले असतानाही सरकारच्या तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती आणि ही शिल्लक म्हणजे प्रजेच्या सुबत्तेचा पुरावा, असे अर्थखात्याचे म्हणणे होते. गोखल्यांनी त्याच खात्याचे आकडे पुढे ठेवून वेगळा अर्थ लावून दाखविला. रुपयाचा भाव घसरत असताना विलायतेस पौंडांत पाठवावयाच्या रकमेची तूट भरून काढण्यासाठी करवाढ झाली होती. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. पुढे टांकसाळी खुल्या नाणेपाडणीस बंद करून रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सवर आणला गेला. विलायतेचा भरणा त्यामुळे कमी रुपयांत होऊ लागला, परंतु करांचे ओझे होते तसेच राहिले. शिल्लक पडली ती या वाढीव करांतून. गोरगरिबांच्या मिठातून जमलेला पैसा सरकारने विनाकारण जवळ ठेवला आहे, हे यातून दिसून आले.

१९०३ मध्ये मिठावरील कर दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकराची माफीमर्यादाही १९०३ मध्ये पाचशे रुपयांवरून एक हजार करण्यात आली. या सवलतींचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे बरोबर होणार नाही. काँग्रेसने त्याआधी अनेक वर्षे तीच मागणी केली होती. पण अर्थखात्याला आपल्याच कोष्टकांचे उत्तर देणे भाग पडावे, ही गोष्ट त्या सभागृहात नवी होती.

लष्करी खर्च हा त्यांच्या टीकेचा दुसरा नेहमीचा विषय. अहमदनगरला लागून असलेल्या भिंगारसारख्या छावणीच्या गावात पलटणी लोकांच्या रोजच्या नजरेसमोर असत. त्यांच्यावर होणारा खर्च आणि त्याच जिल्ह्यातील शाळांवर होणारा खर्च यांची तुलना करण्याचे साधन मात्र सामान्य रहिवाशापाशी नव्हते. ती तुलना साऱ्या देशाच्या पातळीवर गोखले दरवर्षी मार्च महिन्यात करून दाखवीत. त्यांची भाषणे वृत्तपत्रांत सविस्तर छापली जात आणि महाविद्यालयांतील विद्यार्थी ती अभ्यासत.

शासकीय गुपितांचा कायदा

१८८९ च्या शासकीय गुपिते कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक कर्झन सरकारने १९०३ मध्ये मांडले. मूळ कायद्याचा रोख प्रामुख्याने लष्करी व आरमारी माहितीवर होता; दुरुस्तीने मुलकी कारभारातील माहितीही त्याच पंक्तीला बसविली. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र करण्याची आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकण्याची त्यात तरतूद होती. एखाद्या खात्यातील गैरप्रकाराची बातमी छापणाऱ्या संपादकाला पोलीस थेट अटक करू शकतील, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता.

गोखल्यांनी डिसेंबर १९०३ मध्ये आणि पुन्हा ४ मार्च १९०४ रोजी या विधेयकास कडाडून विरोध केला. इंग्लंडात मंत्रिमंडळ पार्लमेंटला जबाबदार असते, तेथे लोकमत सरकार बदलू शकते; हिंदुस्थानात अधिकाऱ्यांवर नजर ठेवण्याचे वृत्तपत्राखेरीज दुसरे साधन नाही, आणि तेच बंद केले तर कारभार सुधारण्याऐवजी अधिक बिघडेल, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. या वेळी इंग्रजांच्या मालकीची पत्रेही विरोधात होती. चिकित्सा समितीत काही कलमे सौम्य झाली, पण कायदा संमत झालाच.

१९१० च्या मुद्रणविषयक कायद्याच्या वेळी मात्र गोखल्यांनी सरकारला तसा विरोध केला नाही. राजकीय हत्यांमुळे निर्माण झालेली परिस्थिती त्यांना असाधारण वाटली. १९०४ ची त्यांची भूमिका लक्षात घेता हे वर्तन विसंगत दिसते, आणि टीकाकारांनी ते दाखवूनही दिले.

उत्तरायुष्य

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांच्या विचारविनिमयात त्यांचा सहभाग होता. त्यांमुळे अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याचा व उपप्रश्न विचारण्याचा हक्क सभासदांना मिळाला, मात्र विभक्त मतदारसंघही आले. प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे त्यांचे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्याच वर्षी त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. मधुमेहाने शरीर खचले असताना सरकारी नोकऱ्यांविषयीच्या इस्लिंग्टन आयोगाचे कामही ते करीत होते. १९१४ मध्ये देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी लोकमान्य टिळक अंत्यविधीस उपस्थित राहिले व त्यांनी श्रद्धांजलीपर भाषण केले.

नंतरचा काळ

गोखल्यांनी विरोध केलेल्या दुरुस्तीची जागा १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने घेतली. स्वातंत्र्यानंतरही तो रद्द झाला नाही. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्ये केला. त्यासाठी झालेल्या आंदोलनाचे एक केंद्र अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे होते. २००५ च्या केंद्रीय माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २२ अन्वये, १९२३ च्या अधिनियमाशी विसंगती आल्यास माहिती अधिकाराच्या तरतुदी वरचढ ठरतात. १९२३ चा अधिनियम अद्याप अस्तित्वात आहे. भारत सेवक समाजाने १९३० मध्ये पुण्यात गोखल्यांच्या नावाने राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन केली; ती आजही कार्यरत आहे.