डोंबिवली स्टेशनातली संख्या : कै. द. रा. कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना आई वारली. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले, म्हणजे आपल्या वागळे इस्टेटपासून हाकेच्या अंतरावर. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते १९२९ साली पदवीधर झाले आणि १९३० पासून देवळालीला शाळामास्तर.

आता त्यांची एक संख्या बघा. नऊ एक मांडा : १११११११११. तिला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, पण कुठूनही वाचा, सारखेच. ‘चिमा काय कामाची’ म्हणतो ना, तसे!

यात जादू काही नाही. गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. बेरजेत पहिल्या घरात एकच १ येतो, पुढच्या घरात दोन, मग तीन, असे करत मधल्या घरात नऊ. नंतर परत एकेक कमी. बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येतच नाही. दहा एक घेतले की मात्र मधे दहा होतात, हातचा शिरतो आणि सगळी रांग विस्कटते : १२३४५६७९००९८७६५४३२१. पाटीवर करून बघा की.

अशा संख्यांना त्यांनी नाव दिले ‘डेम्लो’. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! जुन्या जी.आय.पी. रेल्वेच्या त्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली.

अजून एक गंमत. या सतरा अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नेच या संख्येला पूर्ण भाग जातो. अशा संख्येला ते ‘हर्षद’ म्हणत, म्हणजे हर्ष देणारी. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. (त्यात ८ नाही, नीट बघा.)

मोठमोठ्या गणितज्ञांना हा पोरखेळ वाटे. नामांकित मासिकांत त्यांचे लेख फारसे येत नसत, म्हणून कापरेकर मास्तर काही पुस्तिका स्वतःच छापून काढत. हसणाऱ्यांनी निदान हातच्याचा विचार तरी करायचा होता, असे आम्हाला वाटते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी आपला ६१७४ हा प्रसिद्ध आकडा मांडला. तरीही इकडे कौतुक बेताचेच.

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, तेव्हा त्यांनी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. १९८६ साली ते वारले.