मोटारीतला गारवा आणि थॉमस मिजली

मे महिन्यात नांदगावहून चाळीसगावकडे निघताना एसी लावला की इंजिन फारसे तापलेले नसतानाही बोनेटखालचा पंखा फिरू लागतो. कारण एसी उष्णता नष्ट करत नाही, फक्त दुसरीकडे नेऊन टाकतो. हे काम मोटारीत ज्या वायूने सुरू झाले, तो फ्रिऑन थॉमस मिजली यांनी शोधला.

मिजली यांचा जन्म १८८९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात झाला. १९११ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियंता झाले. इंजिनातील 'नॉकिंग' थांबवण्यासाठी १९२१ मध्ये त्यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले. त्यांना स्वतःला विषबाधा झाली, कारखान्यांत कामगार दगावले. तरी १९२४ मध्ये त्यांनी तो द्रव पत्रकारांसमोर हातांवर ओतून हुंगून दाखवला.

त्या काळी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे घातक वायू असत. मिजली आणि सहकाऱ्यांनी त्याला पर्याय म्हणून फ्रिऑन आणला. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे सर्वांना दिसले.

१९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने मोटारीत एसी बसवून दिला. मात्र कॉम्प्रेसर बंद करण्याची सोय नव्हती. इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. आज हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे त्याची गरम हवा रेडिएटरवर जाते. म्हणून एसी लागताच पंखा सुरू होतो आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापले, तर नियंत्रक आधी कॉम्प्रेसर तोडतो. चढावर अचानक गारवा गेला, तर बिघाड एसीत असेलच असे नाही. आधी तापमानाचा काटा पाहावा.

मिजली यांना १९४० मध्ये पोलिओ झाला. खाटेवरून उठण्यासाठी त्यांनी दोऱ्या-कप्प्यांचे यंत्र बनवले. १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांनी गळा आवळला जाऊन त्यांचा मृत्यू झाला. फ्रिऑनसारखे वायू ओझोनचा थर खातात, हा इशारा शास्त्रज्ञांनी त्यानंतर ३० वर्षांनी, १९७४ मध्ये दिला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने हटले.

मोटारीतली उष्णता मात्र आजही बाहेरच टाकावी लागते. उन्हाळ्याआधी कंडेन्सरच्या जाळीतली धूळ साफ करून पंखा तपासून घ्यावा. काटा वर चढला, तर एसी बंद करून गाडी कडेला घ्यावी आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने गंभीर भाजते.