अनुताई वाघ

पालघर, बोईसर व तारापूर या भागांतील आमच्या वाचकांस उत्तरेकडील कोसबाडची टेकडी ठाऊक असेलच. तेथे आयुष्य वेचणाऱ्या अनुताई वाघ यांचे चरित्र तरुण मुलींनी, तसेच त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही मनन करण्याजोगे आहे.

अनुताईंचा जन्म ता. १७ मार्च १९१० रोजी झाला. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले व सहा महिन्यांतच वैधव्य आले. विधवा मुलीने घराच्या कोपऱ्यात खालमानेने जन्म कंठावा, अशी त्या काळची रूढी होती. अनुताईंनी ती न मानता पाटी हाती घेतली. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झाल्या व पुढे शिक्षिका झाल्या.

१९४५ साली त्या ताराबाई मोडक यांच्या कार्यात हातभार लावण्यास बोर्डीस आल्या. वारल्यांची मुले शाळेस येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. तीच अंगणवाडी होय. १९५७ साली हे कार्य कोसबाडास गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही शाळा भरू लागली. १९९२ साली अनुताई निवर्तल्या.

त्या कोवळ्या विधवेस घरी बसविले असते, तर किती पाड्यांवरील पाट्या कोऱ्या राहिल्या असत्या, याचा आपण आईबापांनी विचार करावा.